कामासाठी आणि घरच्या करमणुकीसाठी एकच टॅब्लेट घ्यायचा असल्यास आयपॅड घ्यावा की सॅमसंगचा टॅब?

आपल्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी : आपण घरून अनुवादाचे आणि मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधीची प्रुफे तपासण्याचे, काम करता, लॅपटॉप जुना झाला आहे, संध्याकाळी घरातली मंडळी त्याच टॅब्लेटवर चित्रपट आणि क्रिकेटचे सामने पाहणार आहेत, आणि पन्नास हजार रुपयांच्या आत ॲपलचा आयपॅड घ्यावा की सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब, हे ठरत नाही. लॅपटॉपऐवजी टॅब्लेटवर भागेल का, असेही आपण विचारले आहे. मी मराठी पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे काम करते. त्यासाठी माझ्याकडे आयपॅड आहे, तर घरात सर्वांसाठी सॅमसंगचा टॅब आहे. त्यामुळे दोन्हींबद्दल अनुभवाने लिहिता येईल.

आपल्या किमतीत खरी निवड दोन यंत्रांमध्ये आहे. एक, मार्च २०२५ मध्ये आलेला ए १६ चिपचा साधा आयपॅड; दुसरा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला गॅलेक्सी टॅब एस १० एफई. बाजारात आले तेव्हा १२८ जीबीच्या वायफाय आवृत्तीसाठी आयपॅडची किंमत ३४,९०० रुपये होती आणि सॅमसंगची ४२,९९९ रुपये. हा आठ हजारांचा फरक पाहून अनेकजण आयपॅड स्वस्त आहे असे ठरवून मोकळे होतात. पण मुद्रितशोधनाला लेखणी लागतेच, आणि ती सॅमसंगच्या खोक्यात येते, आयपॅडच्या खोक्यात येत नाही. ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० रुपयांना आली होती. म्हणजे आयपॅड आणि पेन्सिल मिळून ४२,८०० रुपये होतात, आणि दोन्ही पर्यायांत उरतो तो अवघ्या १९९ रुपयांचा फरक. दुकानांतील सवलतींप्रमाणे हे आकडे खाली-वर होत राहतील, परंतु हिशोब मात्र लेखणीसकट करावा. कीबोर्डसाठी ॲपलचा मॅजिक कीबोर्ड फोलिओ पाहू नये. त्याची किंमत २४,९०० रुपये ठेवली होती. टेबलावर बसून टंकन करायला दोन-तीन हजारांचा साधा ब्लूटूथ कीबोर्ड दोन्हींना पुरतो.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते आपला निर्णय व्हायला हवा, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुलना करणारे लोक चिप आणि कॅमेऱ्यावर बोलतात व हा मुद्दा बहुधा सोडून देतात. तो म्हणजे पडद्याचा आकार. किती इंचांचा हे नव्हे, तर लांबी आणि रुंदीचे एकमेकांशी प्रमाण काय, हे. दोन्ही पडदे कर्णात जवळजवळ सारखेच, सुमारे १०.९ इंचांचे आहेत. परंतु आयपॅडचा पडदा २३६० बाय १६४० बिंदूंचा आहे, म्हणजे लांबी रुंदीच्या १.४४ पट, सॅमसंगचा २३०४ बाय १४४० बिंदूंचा, म्हणजे १.६ पट. ए ४ कागदाचे हेच प्रमाण १.४१ असते. त्यामुळे आयपॅड उभा धरला की ए ४ आकाराचे पान त्यावर जवळजवळ काठोकाठ बसते, आणि सॅमसंगवर तेच पान रुंदीला अडते व खाली-वर मिळून पावणेतीन सेंटिमीटरांची पट्टी रिकामी राहते.

हे प्रत्यक्ष कामात कसे जाणवते ते सांगते. आयपॅडवर ए ४ पान मूळ आकाराच्या साधारण ७५ टक्के दिसते, सॅमसंगवर ७० टक्के. बारा पॉइंटांचा मजकूर पहिल्यावर नऊ पॉइंटांचा होतो, दुसऱ्यावर साडेआठ पॉइंटांच्याही किंचित खाली जातो. रोमन लिपी वाचणाऱ्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही. देवनागरीचे मात्र तसे नाही, कारण आपल्या लिपीत चुका बहुतेक वेळा शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी लपलेल्या असतात : सुटलेला अनुस्वार, ऱ्हस्व झालेला उकार, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला रफार. पान लहान झाले की डोळा हे तपशील ओळखण्याऐवजी गृहीत धरू लागतो, आणि मुद्रितशोधकाने तसे करणे म्हणजे कामच न करणे. पान मोठे करून सरकवत वाचता येते, हे खरे. पण दोनशे पानांच्या पुस्तकात प्रत्येक पान चारदा सरकवावे लागले, तर संध्याकाळपर्यंत लक्ष टिकत नाही. म्हणून केवळ मुद्रितांसाठी मला आयपॅडचा आकार अधिक योग्य वाटतो. पुस्तकाचे पान डेमी या ए ४ हून लहान आकाराचे असेल आणि पीडीएफमध्ये कडेचा कोरा भाग कापलेला असेल, तर दोन्हींवर ते छान वाचता येते आणि ही अडचण उरत नाही.

चित्रपटाला हेच गणित उलटे लागू होते. १६:९ प्रमाणातला सामना किंवा मालिका आयपॅडच्या पडद्याचा सुमारे ८१ टक्के भाग व्यापते, सॅमसंगच्या पडद्याचा ९० टक्के. प्रत्यक्ष चित्राची रुंदी पहिल्यावर २२.७ सेंटिमीटर, दुसऱ्यावर २३.५ सेंटिमीटर. त्याहून रुंद चित्रचौकटीचे चित्रपट असतील तर आयपॅडवर काळ्या पट्ट्या आणखी जाड होतात. शिवाय सॅमसंगचा पडदा सेकंदाला ९० वेळा ताजा होतो, आयपॅडचा ६० वेळा. चित्रपटात याने काही फरक पडत नाही, पण मजकूर वर-खाली सरकवताना सॅमसंग डोळ्यांना अधिक सुखावतो. साध्या आयपॅडच्या पडद्यात काच आणि चित्र यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळी आहे, त्यामुळे पेन्सिलीचे टोक आणि उमटणारी रेघ यांत किंचित अंतर भासते. चारसहा दिवसांत हाताला त्याची सवय होते.

लेखणीच्या बाबतीत मात्र सॅमसंग निःसंशय पुढे आहे. सॅमसंगच्या एस पेन या लेखणीला लिहिण्यासाठी बॅटरी लागतच नाही, पडदाच तिला ऊर्जा देतो, आणि दाबानुसार रेघ जाड-बारीक होते. ॲपलच्या यूएसबी-सी पेन्सिलीला दाब कळत नाही आणि ती चार्ज करावी लागते. ‘शब्द गाळा’, ‘जागा द्या’, ‘नवा परिच्छेद’ अशा खुणा करण्यासाठी दाबाची गरज नाही, तेव्हा त्याला फार महत्त्व देऊ नये. परंतु ऐन कामाच्या वेळी पेन्सिल उतरलेली सापडणे हा त्रास मी अनेकदा अनुभवला आहे. पुढेमागे चित्रे काढायची असतील, तर ज्या प्रोक्रिएट ॲपसाठी चित्रकार आयपॅड घेतात ते अँड्रॉइडवर नाही, हेही सांगायला हवे.

लॅपटॉपऐवजी टॅब्लेट चालेल का, याचे माझे उत्तर नाही असे आहे, आणि आपण मराठी प्रकाशकांसाठी काम करत असाल तर अगदी ठामपणे नाही. आपल्याकडे अजूनही अनेक पुस्तके श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे आजची सर्वत्र चालणारी अक्षरसंकेतपद्धती येण्याआधीच्या) फाँटांमध्ये अक्षरजुळणी होऊन येतात. त्यांची पीडीएफ टॅब्लेटवर नीट दिसते, कारण फाँट तिच्यातच गुंफलेला असतो. पण त्यातला शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. अशा पानांवर लेखणीने खुणा करणे टॅब्लेटवर उत्तम होते, त्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये घालण्यासाठी मात्र संगणकच लागतो. पुस्तकाची पाने मांडण्याचे इनडिझाइन हे सॉफ्टवेअर टॅब्लेटवर नाही. अनुवादासाठी ट्रॅडोस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही फक्त विंडोजवर चालते. वर्ड दोन्हींवर आहे आणि त्यात बदलांचा मागोवाही ठेवता येतो, परंतु मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. शिवाय १०.१ इंचांहून मोठ्या पडद्यावर संपादन करायचे असेल तर मायक्रोसॉफ्ट वर्गणी मागते, आणि हे दोन्ही टॅब्लेट त्या मर्यादेच्या वर आहेत. तो खर्चही हिशोबात धरावा. जुना लॅपटॉप विकू नये; त्यात एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणीचा भाग, बसवून घेतला तर तो बहुधा आणखी काही वर्षे काढील, आणि टॅब्लेट वाचण्यासाठी व खुणांसाठी मोकळा राहील.

टॅब्लेटवर मराठी लिहिण्याची सोय दोन्हींकडे आहे. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवता येते, आणि मराठीत बोलूनही लिहिता येते. पानाच्या कडेला दोन ओळींची शंका नोंदवायची असेल तर मी बोलूनच लिहिते. एकाच वेळी मूळ मजकूर आणि अनुवाद शेजारी-शेजारी ठेवण्यासाठी सॅमसंगचे डेक्स फार उपयोगी आहे, त्यात खिडक्या संगणकासारख्या हव्या तशा मांडता येतात. आयपॅडवर ही मोकळीक सप्टेंबर २०२५ मधल्या आयपॅडओएस २६ पासून साध्या आयपॅडलाही मिळाली, त्यामुळे हा जुना फरक बराच मिटला आहे. मोठा मॉनिटर जोडून त्यावर वेगळे काम करायचे असेल तर एम चिपचा आयपॅड लागतो आणि तो आपल्या मर्यादेबाहेर जातो.

यंत्राच्या आयुष्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ॲपलचा इतिहास चांगला आहे : २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड २०२४ च्या आयपॅडओएस १८ पर्यंत नवी आवृत्ती घेत राहिला. सॅमसंगचा एस १० एफई पाणी आणि धुळीपासून आयपी ६८ दर्जाचे संरक्षण देतो, साध्या आयपॅडला तसे काही नाही. साठवणीसाठी सॅमसंगमध्ये मायक्रोएसडी कार्ड घालता येते. प्रवासात चित्रपट उतरवून नेणाऱ्या घराला १२८ जीबी लवकर अपुरे पडतात, हे लक्षात असू द्यावे.

आता घराविषयी, कारण आपले यंत्र एकट्याचे राहणार नाही. सॅमसंगच्या टॅबवर प्रत्येकासाठी वेगळे खाते करता येते : आपल्या खात्यात मुद्रिते, मेल आणि नोंदी, मुलांच्या खात्यात फक्त त्यांचे खेळ आणि चित्रपट. घरगुती आयपॅडवर अशी सोय ॲपलने अजूनही दिलेली नाही. संस्थांमार्फत दिल्या जाणाऱ्या यंत्रांपुरतीच ती आहे. याची किंमत मी मोजली आहे. माझ्या आयपॅडवर भाचा चित्र काढायला बसला आणि शेजारीच उघड्या असलेल्या फाइलमध्ये दोन प्रकरणांवरच्या माझ्या खुणा पुसल्या गेल्या. त्या दोन्ही प्रकरणांचे वाचन मला पुन्हा पहिल्यापासून करावे लागले, आणि प्रकाशकांना तारीख पुढे ढकलण्याची विनंती करावी लागली. त्यानंतरच घरासाठी वेगळा टॅब आला.

यामुळेच, मुद्रितांसाठी पानाचा आकार आयपॅडचा चांगला असूनही, आपल्याला मी गॅलेक्सी टॅब एस १० एफई घ्यावा असे सुचवीन. तो पाच-सहा जणांच्या हातात जाणार आहे, लेखणी आयती मिळते आहे, आणि पानाच्या आकाराची उणीव कडा कापून किंवा पान आडवे धरून अर्धे-अर्धे वाचून बरीचशी भरून काढता येते. आयपॅडवर सगळ्यांच्या कामाची होणारी सरमिसळ मात्र कशानेही टळत नाही. आपण एकटेच वापरणार असता आणि फोनही आयफोन असता, तर मी निःशंकपणे आयपॅड सांगितला असता.

आपण या दोनच कंपन्यांची नावे घेतली आहेत, तरी एक तिसरे नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२४ मध्ये आलेल्या वनप्लस पॅड २ चा पडदा १२.१ इंचांचा आणि ७:५ प्रमाणाचा आहे, म्हणजे जवळजवळ नेमका ए ४ च्याच घडणीचा. त्यावर पान मूळ आकाराच्या ८४ टक्के दिसते आणि बारा पॉइंटांचा मजकूर दहा पॉइंटांचा राहतो. तो ३९,९९९ रुपयांना आला होता. लेखणी वेगळी घ्यावी लागते, पण दिवसभर मुद्रितेच वाचायची असतील तर एकदा अवश्य पाहावा. त्याहून स्वस्त, अनोळखी बनावटीचा अँड्रॉइड टॅब्लेट करमणुकीसाठी घेऊ नये, निदान त्याचा वाइडवाइनचा, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणप्रणालीचा, स्तर पाहिल्याशिवाय तरी नकोच. हा स्तर ‘एल १’ नसून ‘एल ३’ असेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यावर अस्पष्ट, ४८० ओळींचेच चित्र देतात. वडिलांसाठी घेतलेल्या एका टॅब्लेटबाबत हे आम्हाला पैसे दिल्यावर कळले, आणि दुकानदाराने तो परत घेतला नाही. डीआरएम इन्फो नावाच्या मोफत ॲपमध्ये हा स्तर दिसतो.

दुकानात जाताना आपल्याच कामातले एक ए ४ मुद्रित मेलवर किंवा पेनड्राइव्हवर न्यावे, त्यात जोडाक्षरे आणि तळटिपा भरपूर असाव्यात. ते दोन्ही यंत्रांवर उभे उघडून, पान मोठे न करता, तळटिपेतले अनुस्वार मोजून पाहावेत, आणि लेखणी मागून घेऊन एका ओळीत काकपद (सुटलेला शब्द घालण्याची ‘^’ अशी खूण) देऊन वर शब्द लिहून पाहावा. प्रदर्शनातल्या यंत्रांवर प्रकाश पूर्ण वाढवलेला असतो, तो आधी निम्म्यावर आणावा, कारण घरी रात्री आपण तेवढ्याच प्रकाशात वाचणार आहात.