अभ्यासिकेत वायफाय जोडलं जातं पण नेट नाही, कधी १६९.२५४ चा पत्ता, कधी भलताच गेटवे. बिघाड नेमका कुठे?

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय: "आमचा राउटर १९२.१६८.१.१ वर उघडतो, पण काही मुलांच्या मोबाइलमध्ये गेटवे १९२.१६८.०.१ दिसतो." (गेटवे म्हणजे जाळ्यातून बाहेर नेटवर जायचं दार.) दुपारच्या बॅचच्या मुलांचं 'आयपी पत्ता मिळवत आहे' वरच अडकणं, काउंटरच्या कॉम्प्युटरला १६९.२५४ चा पत्ता येणं, लाइट जाऊन आली की गोंधळ वाढणं, ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची नाहीत. तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी आहेत. त्यामुळे राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. ऑपरेटर "आमच्याकडून लाइन बरोबर यायलीय" म्हणतो ना, ते बहुतेक खरंच आहे.

मी उदगीरला राहून नेटवर्कची कामं करतो. लातूर, अहमदपूर, मुखेड या पट्ट्यात अभ्यासिका, सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं सगळीकडे जाणं होतं. नेट चालंना म्हटलं की लोक आधी स्पीड टेस्ट लावतात. मी आधी एवढंच बघतो की या मशीनला पत्ता दिला कोणी.

काउंटरच्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून). भरपूर मजकूर येईल, त्यातल्या चारच ओळी वाचा: डीएचसीपी एनेबल्ड, आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर (डीएचसीपी म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय). शेवटची ओळ कोणी बघतच नाही, आणि पत्ता देणाऱ्याचं नाव तिथंच असतं. 'एनेबल्ड' समोर 'नो' असेल तर कुणीतरी पूर्वी हाताने पत्ता भरून ठेवलाय. मग राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. आधी ते 'ऑटोमॅटिक' करा.

आता १९२.१६८.०.१ चं प्रकरण. तुम्ही लिहिलंय की मागच्या हॉलमध्ये रेंज येत नव्हती म्हणून घरचा जुना राउटर तिथे लावला, आणि पुढच्या राउटरमधून आलेली केबल त्याच्या पिवळ्या, म्हणजे आतल्या जोडणीच्या लॅन पोर्टात घातली. तोच तुमचा दुसरा दाता. फोन जाळ्यात शिरला की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, कुणी पत्ता देता का? ज्याच्या ज्याच्याकडे डीएचसीपी चालू आहे तो देकार पाठवतो, आणि फोन साधारणपणे पहिला आलेला देकार पकडतो. देणारा अधिकृत आहे का, हे तपासायची सोयच मूळ रचनेत नाही. डीएचसीपीचे आजही वापरात असलेले नियम १९९७ च्या आरएफसी २१३१ या नियमपत्रातले आहेत, आणि जाळ्यातला प्रत्येक जण विश्वासू आहे असं ते धरून चालतात.

हॉलमधला राउटर पत्त्यासोबत "बाहेर जायचं तर माझ्याकडे या" असंही सांगतो, म्हणजे गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता देतो. पण त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरची लाइन घ्यायच्या पोर्टात काहीच नाही, मग तो बाहेर नेणार कुठून? मुलाला वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, गेटवेला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारून बघितली, तर उत्तरही येतं, फक्त नेट नाही. गेटवे उत्तर देतो म्हणजे गेटवे बरोबर आहे, असं समजून भलेभले इथे फसतात.

लाइटचा संबंधही इथेच लागतो. लाइट आली की जुना साधा राउटर पटकन उठतो. पुढच्या फायबरच्या डबीला, म्हणजे तुमच्या मुख्य राउटरला, सगळं उघडून जागेवर यायला जास्त वेळ लागतो. मधल्या वेळात पत्ता मागणाऱ्या प्रत्येक फोनला हॉलमधला राउटरच तेवढा भेटतो. पत्त्याची मुदत संपेपर्यंत ते फोन तोच पत्ता आणि तोच गेटवे धरून बसतात. दोन्ही यंत्रं इन्व्हर्टरवर घ्या असं कोणी सुचवेल. घ्या, लातूरच्या उन्हाळ्यात ते करावंच लागतं, पण त्याने रोग फक्त झाकला जाईल.

दुरुस्ती पंधरा-वीस मिनिटांची आहे. हॉलच्या राउटरची पुढून आलेली केबल काढा, लॅपटॉप थेट त्याला जोडा आणि १९२.१६८.०.१ उघडा. आधी त्याचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, तो पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर आत जा, आणि मगच डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला त्याच्याकडून पत्ताच मिळणार नाही आणि आत शिरायला हाताने पत्ता भरत बसावं लागेल. नंतर केबल पुन्हा लॅन पोर्टातच, वॅनमध्ये नाही. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवायचं) असेल तर हे सगळं एका बटणात होतं. ज्या फोनांनी जुना पत्ता धरलाय, त्यांचं वायफाय एकदा बंद-चालू करायला सांगा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'.

भलता गेटवे दर वेळी दुसऱ्या राउटरचाच असतो असं नाही. १९२.१६८.१३७.१ दिसला तर कुणाच्या तरी विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलंय. १७२.२०.१०.१ दिसला तर मुलगा तुमच्या वायफायवर नाहीच, शेजाऱ्याच्या आयफोनच्या हॉटस्पॉटवर बसलाय आणि तक्रार तुमच्याकडे करतोय.

गेटवेचा आणखी एक छळवादी प्रकार असतो, तोही तपासून घ्या. एका मंगल कार्यालयात नेट दोन मिनिटं चाले, दोन मिनिटं बंद. पत्ता बरोबर, गेटवे बरोबर, डीएचसीपी सर्व्हर बरोबर. कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र आहे ते दाखवणारी 'एआरपी -ए' ही आज्ञा थोड्या थोड्या वेळाने दिली तेव्हा गेटवेसमोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, बदलताना दिसला. कॅमेरे बसवणाऱ्याने चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला हाताने १९२.१६८.१.१ हाच पत्ता देऊन ठेवला होता. एका पत्त्यावर दोन यंत्रं, आणि जो शेवटी उत्तर देईल त्याच्याकडे सगळा माल. तुमच्याकडेही कॅमेरे असतीलच. डीव्हीआरचा पत्ता एकदा बघून ठेवा.

आता दुसरा बिघाड, दुपारच्या बॅचचा. तुमच्या डीएचसीपीच्या पानावर पत्ते १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ आणि लीज ८६४०० असं आहे. म्हणजे पत्ते १००, आणि मुदत ८६४०० सेकंद, पूर्ण एक दिवस. जागा ८०, बॅच दोन. अभ्यासिका चालवता म्हणजे जागेवर पुस्तक ठेवून गायब होणारा मुलगा तुम्हाला माहीत आहेच. जागा रिकामी, पण बसता कुणाला येत नाही. सकाळचा फोन दुपारी घरी गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच नावावर राहतो. जाताना पत्ता परत करायची सोय डीएचसीपीत आहे, पण वायफायच्या टप्प्याबाहेर चालत गेलेला फोन ती वापरणार कशी? सकाळी ८० पत्ते गेले, उरले २०, त्यातलेच काही काउंटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना. दुपारच्या पोरांनी बसायचं कुठे! सकाळच्या बॅचला त्रास होत नाही, कारण तोच फोन परत आला की राउटर शक्यतो त्याचा जुनाच पत्ता त्याला देतो.

त्यात आणखी एक भर. तुमच्या वायफायची दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी '५जी' लावलेलं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न दाखवता प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनवलेला दाखवतात. हॉलमधून पुढे आलेला मुलगा एका नावावरून दुसऱ्यावर गेला की राउटरला वाटतं नवीन माणूस आला, आणि एकाच फोनच्या नावावर दोन पत्ते जमा होतात. दोन्ही नावं एकच करून टाका.

लीज ३६०० करा, म्हणजे एक तास. हॉलमध्ये बसलेल्या मुलाला काही जाणवणार नाही, कारण निम्मी मुदत झाली की फोन आपोआप नूतनीकरण मागतो. काही राउटर मुदत मिनिटांत विचारतात, तिथे ६० लिहा. नजरचुकीने ३६०० मिनिटं टाकली तर अडीच दिवस होतील. पत्ते १९२.१६८.१.२० पासून १९२.१६८.१.२५० पर्यंत वाढवा, २३१ होतील. खालचे २ ते १९ हाताने द्यायच्या यंत्रांसाठी मोकळे सोडा: हॉलचा राउटर, प्रिंटर, डीव्हीआर. हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्यात कधीच नको, नाहीतर तोच पत्ता राउटर उद्या कुणाच्या तरी फोनला देऊन मोकळा होईल. एवढं करूनही गर्दीच्या वेळी काही जण वायफायला जोडलेच जात नसतील तर तो पत्त्यांचा प्रश्न नाही. फुकट मिळालेल्या डबीचा रेडिओ एका वेळी इतके फोन झेपवत नाही. तिथे पैसे खर्च करून चांगला ॲक्सेस पॉइंट घ्यावाच लागतो.

काउंटरच्या १६९.२५४ बद्दल. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. विचारून विचारून कोणीच उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच तो लावून घेतं. गेटवेची ओळ रिकामी असते आणि 'सबनेट मास्क'च्या ओळीत २५५.२५५.०.० असतं. अँड्रॉइड असा पत्ता लावत नाही, नुसता ताटकळतो. म्हणून तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी दिसल्या, प्रत्यक्षात गोष्ट एकच. तुमच्याकडे पत्ते संपल्यामुळेच हे होत असावं, कारण घरगुती राउटरमध्ये केबलवाले आणि वायफायवाले एकाच साठ्यातून जेवतात. पण सकाळी, अभ्यासिका रिकामी असतानाही तसंच आलं तर केबल किंवा नेटवर्कचा स्विच (एका केबलच्या अनेक करणारी डबी) बघा. पोर्टावरचा दिवा लागतोय का, आणि तीच केबल थेट राउटरला लावून पत्ता येतो का. काउंटरसाठी राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये एक पत्ता राखून ठेवा. नीटचा नाहीतर एमपीएससीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी निदान तो एक कॉम्प्युटर तरी चालला पाहिजे.

हे सगळं झाल्यावर तीन पिंग करा, याच क्रमाने: १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ (गूगलचा, म्हणजे बाहेरचा पत्ता), मग एखाद्या संकेतस्थळाचं नाव. पहिलं अडलं तर दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे. पहिली दोन लागली आणि नाव लागलं नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा; राउटरमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. पहिलं लागलं आणि ८.८.८.८ लागलं नाही, तर डीएचसीपी सर्व्हरची ओळ परत एकदा वाचा, आणि ती १९२.१६८.१.१ च असेल तरच ऑपरेटरला फोन लावा. त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. ०.०.०.० असेल किंवा डबीवर एलओएसचा (लाइनचा सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर काम नक्की त्याचंच. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो बिघाड नाही. कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून वापरतात, तेव्हा असाच दिसतो. फक्त बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर त्या पत्त्यावर थेट पोर्ट उघडून चालणार नाही, एवढं कॅमेरेवाल्याला आधीच सांगून ठेवा.