लाकडी शिडाची बोट : वाचक विचारतात

गेल्या अंकात जुन्या लाकडी बोटींच्या दुरुस्तीवर आम्ही लिहिलं. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं कोल्हापूर आणि आसपासची निघाली. घाटावर इतके दर्यावर्दी दडून बसलेत याची आम्हाला कल्पना नव्हती! त्यांतल्या काही प्रश्नांना इथं उत्तरं देतो आहोत.

आम्ही तिघा मित्रांनी मालवणकडून साधारण ३० फुटी जुनी सागवानी शिडाची बोट घेतली आहे. ट्रेलरवर घालून घाट चढवायची, उचगावच्या गोडाऊनमध्ये ठेवायची आणि निवांत दोन वर्षं काम करायचं, असा बेत आहे. सुतार, वेल्डर, ओतारी सगळे इथंच हाताशी. चालेल ना? — शाहूपुरी

आणू नका. घाटातली वळणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण गोडाऊनमधल्या हवेची आहे.

पाण्यात राहणाऱ्या बोटीच्या फळ्या ओल धरून असतात आणि फुगून एकमेकींना घट्ट दाबतात. बोट कोरडी राहते ती या दाबामुळे. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक सुकलं की धाव सैल होते आणि चाक ओढ्यात बुडवून ठेवावं लागतं, तोच हा प्रकार. सागवान इतर लाकडांच्या मानानं कमी आकसतं, पण आकसतंच. ओल १८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली, तर सहा इंची फळी रुंदीत दोन मिलिमीटरच्या आसपास कमी होते. एका बाजूला बारा फळ्या धरा, म्हणजे बारा फटी.

फटी पडल्या हे तितकंसं वाईट नाही, पाण्यात गेल्यावर त्या मिटतात. वाईट पुढं होतं. सैल फटींतून त्यांत भरलेलं जुनं सूत आणि लांबी (पुट्टी) गळते, आत धूळ आणि वाळू जाते. खिळे आपल्या भोकांत ढिले होतात. मग कुणीतरी त्या रुंद फटी पाहून हळहळतो आणि कडक लांबीनं गच्च भरून टाकतो. बोट पाण्यात उतरते, फळ्या फुगतात, फुगायला जागा नसते. तेव्हा फळ्यांच्या कडा चेचतात, खिळे उपसतात, कधी आतल्या बरगड्या तडकतात. दोन वर्षांची मेहनत दोन दिवसांत वाया.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर बांधलेलं आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत कुलाब्याला बांधली गेली. १९६८-६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून एकट्यानं, कुठंही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले. पुढं ही बोट ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली. महासागरांनी जे केलं नाही ते तिथल्या कोरड्या हवेनं केलं, फळ्या आकसू लागल्या. शेवटी तिला बाहेर काढून दुरुस्तीला घ्यावं लागलं आणि २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

तेव्हा बोट खाली किनाऱ्यालाच ठेवा. वर छप्पर, बाजू उघड्या, खाली मातीची जमीन, सिमेंटची नको. डोलकाठी, सुकाणू, दारं, खिडक्यांच्या चौकटी, धातूचं सगळं सामान कोल्हापुरात आणा आणि इथल्या कारागिरांकडून करून घ्या. महिन्यातून दोनदा घाट उतरावा लागेल, पण बोट वाचेल.

आणून झालीच असेल, तर बाहेरून गरम अळशीच्या तेलाचा हात देऊन त्यावर प्रायमर मारा. त्यानं सुकणं मंदावतं. आत तळाशी गोणपाट अंथरून ते मिठाच्या पाण्यानं ओलं ठेवा, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. साधं पाणी वापरू नका, त्यानं बुरशी धरते. उतरवताना बोट पट्ट्यांत टांगूनच पाण्यात ठेवा, पंप चालू ठेवा आणि घाबरू नका. पहिले काही तास पाणी धो धो येतं. एक ते तीन दिवसांत ते ओसरतं. आठवड्यानंतरही तितकंच येत असेल, तरच दोष शोधायला लागा.

फटी भरायला कोणतं सूत लागतं? आमच्याकडे कोणत्याही नंबरचं निघतं. — इचलकरंजी

नंबरच नको! पीळ न दिलेला, कार्डिंगवरून निघालेला कच्चा पेळू लागतो, म्हणजे तुमच्या भाषेत स्लायव्हर. लांब धाग्याचा कापूस आणि ब्लीच न केलेला. औषधाच्या दुकानातला कापूस चालत नाही, त्याचे तंतू आखूड असतात आणि ठोकताना त्याचा चोथा होतो.

आधी फट साफ करा. जुन्या कानशीचं टोक वाकवून धार लावली की चांगलं हत्यार होतं. करवत किंवा ग्राइंडर आत घालू नका. फट बाहेर तीनेक मिलिमीटर आणि आत निमुळती होत जाऊन शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात फळ्या एकमेकींना टेकलेल्या असायला हव्यात. आतपर्यंत सरळ उघडी असेल, तर सूत पलीकडे निघून जातं. तिथं आधी लाकडाची पातळ पट्टी एकाच बाजूनं चिकटवून बसवावी लागते.

फटीत पातळ प्रायमर फिरवा. पेळू सरळ ताणून घालायचा नाही. छोटे छोटे वेटोळे करत बोथट छिन्नीनं टोचत जायचं. फट रुंद तिथं वेटोळे जवळ, अरुंद तिथं लांब. आधी पाच-सहा फूट नुसतं टोचून घ्या, मग मोगरीनं ठोकत परत या. सूत बसलं की मोगरीचा आवाज बदलतो, भदभद जाऊन टणक येतो. तिथं थांबा. आणखी ठोकण्याचा मोह होतो आणि नव्या हाताची सगळ्यात मोठी चूक हीच. पठाणाला, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याला, लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यात तर विशेष जपा. तिथं जास्त ठोकलं की फळीच पठाणापासून सुटते.

वर चार-पाच मिलिमीटर जागा राहू द्या, सुतावर पुन्हा प्रायमर, मग लांबी. पाण्याखालच्या भागात ही लांबी कायम मऊ राहणारी हवी. जुने लोक त्यात शेंदूर घालत. तो शिशाचा असतो, त्यामुळं सुका शेंदूर घासताना तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

आमची लहान फौंड्री आहे. एका जुन्या बोटीच्या पठाणाखालचं वजन आणि ते धरणारे बोल्ट करून द्यायचं काम आलं आहे. गिऱ्हाईक पितळ किंवा स्टेनलेस म्हणतंय. — गोकुळ शिरगाव

दोन्ही नको. पितळेत जस्त असतं. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागं तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. बोल्ट दिसायला तसाच, फक्त रंग गुलाबी होतो आणि हातोडीच्या एका टोल्यात बिस्किटासारखा तुटतो. ‘मँगनीज ब्राँझ’ या नावानं मिळणारा धातूही प्रत्यक्षात पितळच आहे, त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. नावावर जाऊ नका, रासायनिक अहवाल मागा.

स्टेनलेसचा दोष वेगळा. त्याला गंजापासून वाचवणारा थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात दडलेल्या बोल्टला तो मिळत नाही. वर नट चकचकीत आणि मध्ये, जिथं पठाण आणि वजन एकमेकांना भिडतात, तिथं बोल्ट पेन्सिलीसारखा कोरलेला. ३१६ हा भारी प्रकार घेतला तरी हे टळत नाही, उशिरा होतं इतकंच.

वजन शिशाचं असेल, तर बोल्ट सिलिकॉन ब्राँझचे करा. त्यात तांबं सुमारे ९६ टक्के, सिलिकॉन ३ आणि थोडं मँगनीज. ओतीव फिटिंगला ८५-५-५-५ गनमेटल चांगलं, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के. वजन बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असेल, तर ब्राँझ वापरू नका, त्याच्याभोवतीचं बीड खाल्लं जातं. तिथं जाड गॅल्व्हनाइझ केलेले पोलादी बोल्ट घाला आणि काही वर्षांनी बदलायचे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

आता वजन. शिशाची घनता ११.३, बिडाची ७.२ च्या जवळ. एक टन वजनाला शिसं ८८ लिटर जागा घेतं, बीड जवळजवळ १३९. म्हणजे जुनं शिसं काढून त्याच साच्यात बीड ओतलं, तर वजन तिसऱ्या हिश्श्यानं घटतं आणि बोट वाऱ्यात जास्त कलंडते. ही अदलाबदल नकाशा बघितल्याशिवाय करू नका.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, तुमच्या रोजच्या कामाच्या मानानं काहीच नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. बेंटोनाइट माती मिसळलेल्या ओल्या वाळूत टनभर शिसं ओतू नका. इतक्या जड आणि सावकाश थंड होणाऱ्या धातूखाली वाफ अडकली की शिसं उसळतं. साचा पूर्ण वाळवलेला हवा, ओतणं एका दमात हवं आणि काम उघड्यावर. भोकं पाडताना ड्रिलला साबणाचं पाणी किंवा रॉकेल देत राहा आणि दर इंचाला बाहेर काढा, नाहीतर शिसं ड्रिलला असं धरतं की तोडून काढावं लागतं.

जुने बोल्ट बरे आहेत का हे बघायचं असेल, तर एक पुढचा आणि एक मधला उपसून बघा. वरचा नट पाहून काहीही कळत नाही.

जुन्या फळ्यांवरून फायबर चढवलं तर कटकट मिटेल का? — कागल

नाही. फळ्या हलतात, फुगतात, आकसतात. फायबर हलत नाही. सांध्यावर चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर येऊ शकत नाही. ओल वीस टक्क्यांवर राहिली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. वरून गुळगुळीत, आत भुगा. पॉलिएस्टर रेझिन तर ओल्या सागवानाला नीट धरतही नाही.

लाकूड कुजवतं ते पावसाचं पाणी, समुद्राचं नव्हे. डेकचे सांधे, डोलकाठीचं भोक, खिडक्यांच्या खालच्या कडा इथं आरीनं टोचून बघा. आरी लोण्यात गेल्यासारखी गेली तर तेवढा तुकडा कापून नवा घाला.

जानेवारीत देवगडहून लक्षद्वीपला जाऊन यायचं म्हणतोय. तिघे जण, ३२ फुटी लाकडी बोट. दुरुस्तीचं काय काय बरोबर घ्यावं? — राजारामपुरी

महिना चांगला निवडलात. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. कवरत्ती देवगडहून सुमारे ३५० सागरी मैल, म्हणजे चार नॉटच्या (ताशी चार सागरी मैलांच्या) सरासरीनं पावणेचार दिवस. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आधी काढा.

पण हिशेब परतीचा करा. जानेवारीत या किनाऱ्यावर वारा उत्तर-वायव्येचा. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. परतीला आडवं-तिडवं चालत अंतर दीडपट होतं आणि सात-आठ दिवस लागतात. रात्री किनाऱ्याजवळ राहून जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्याचा फायदा घेतलात तर थोडे कमी. पाणी माणशी रोज चार लिटर धरा, आठ दिवसांचे ९६. दीडशे लिटर घ्या, तेही तीन वेगळ्या टाक्यांत.

बोटीचं दुखणंही परतीलाच बाहेर येतं. वाऱ्याच्या तोंडावर चालताना डोलकाठी खाली दाबते, तिला धरून ठेवणाऱ्या तणाव्यांच्या तारा बाजूनं वर ओढतात आणि पठाणालगतचे सांधे उघडतात. जाताना कोरडी असलेली बोट येताना गळू लागते ती यामुळं. म्हणून डिसेंबरमध्ये देवगडहून रत्नागिरीपर्यंत मुद्दाम वाऱ्याविरुद्ध जाऊन बघा, ३५-४० मैलच आहेत. किती तासांनी किती पाणी उपसलं, ते वहीत लिहा. एका कलावर गळती वाढत असेल, तर कोणत्या बाजूला बघायचं ते कळतं.

पंपावर फार विसंबू नका. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं. हातपंपावर दणकट माणूसही ते दहा-पंधरा मिनिटंच उपसू शकतो. म्हणून बोटीच्या प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी सावरीच्या किंवा तसल्याच मऊ लाकडाची निमुळती गुडदी (भोकात ठोकायचं बूच) दोरीनं बांधून ठेवा. पेटीत ठेवलेली गुडदी वेळेला सापडत नाही.

सांधा उघडला तर बाहेरून पट्टी मारायची. ‘सुहेली’लाही हेच करावं लागलं होतं: पाण्याखाली उतरून फटीत सूत, त्यावर कॅनव्हास, वर तांब्याचा पत्रा. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा फटीच्या दोन्ही बाजूंना दोन इंच राहील असा कापा, भोकं आधीच पाडून ठेवा, दर वीस मिलिमीटरला एक चपट्या डोक्याचा तांब्याचा खिळा. तुमच्या फळ्यांना लोखंडी खिळे असतील, तर तांब्याऐवजी शिशाचा पत्रा न्या. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि डेकवर एक जण फक्त त्याच्याकडं बघत उभा हवा.

याशिवाय किलोभर पेळू, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी लांबी, पंपाचं रबरी डायफ्रॅम आणि झडपा दोन जोड, सगळ्यात लांब तणाव्यापेक्षा एक मीटर जास्त तार आणि तिच्या मापाच्या आठ क्लिपा. तार कापायचं मोठं कटर विसरू नका. डोलकाठी मोडून तारांनी बोटीला लटकली, तर ती फळ्यांना धडका देते आणि तेव्हा ती तोडण्याखेरीज इलाज नसतो.

शिडाच्या तिरक्या काठीच्या दुबेळक्यात आणि वल्ह्यांवर कातडं लावतात. चपलेचं चालेल का? — सुभाष रोड

उत्तम चालेल. हिरडा-बाभळीत कमावलेलं, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं घ्या. रात्रभर भिजवा, ओलं असतानाच ओढून मेणाच्या दोऱ्यानं शिवा. दोन्ही कडांत तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा, शिवण आवळली की ते मिटतं. सुकल्यावर ते गच्च आवळून बसतं. शिवण घर्षणाच्या बाजूला येऊ देऊ नका. वल्ह्यावर चुका मारू नका, नेमकं तिथंच वल्हं मोडतं. दर महिन्याला चरबीचा हात द्या.