वाचक विचारतात : सोलापूरची सायकल, रत्नागिरीचा किनारा

थंडी सुरू होताच सायकल घेऊन किंवा पायी कोकण किनारा बघायचा बेत करणाऱ्या सोलापूरकरांची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांच्या मनात रत्नागिरी आणि गणपतीपुळे आहे, म्हणून या वेळी त्याच पट्ट्यावरचे प्रश्न घेतले आहेत.

आम्ही चौघं रविवारी अक्कलकोटला जाऊन दुपारच्या आत परत येतो, म्हणजे ऐंशी किलोमीटर तरी होतात. मग रत्नागिरी ते गणपतीपुळे आणि परत, एवढे पन्नास किलोमीटर एका सकाळीत जमतील ना? सायकली सात गिअरच्या हायब्रीड आहेत.
— जुळे सोलापूर

जमतील, पण अक्कलकोटच्या हिशोबाने वेळ धरू नका. अक्कलकोटच्या रस्त्यावर तासनतास एकाच गिअरमध्ये पाय चालतात. किनाऱ्याचा रस्ता मात्र खाडीशी उतरतो, पुलावरून पलीकडे जातो, लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीशी पुन्हा उतरतो. एकही चढ घाटाएवढा लांब नाही, पण प्रत्येक चढ उभा आहे आणि मधे पाय मोकळे व्हायला सपाटी फार थोडी. तुमचं सपाटीवरचं सरासरी वेग-गणित इथे निम्म्याच्या जवळ येतं. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा, थांबे वेगळे.

निवळी फाट्यावरून जाणारा रस्ता घेऊ नका. तो लांबचा आहे आणि त्याचा बराच भाग हमरस्त्याच्या रहदारीत जातो. शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असा किनाऱ्याचा रस्ता धरा. साखरतरच्या पुलापर्यंत पाय गरम होतात, खरा कस आरे-वारेच्या चढावर लागतो. वरून दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात, त्यामुळे तिथे गाड्या आडव्यातिडव्या थांबलेल्या असतात आणि माणसं फोटोसाठी मागे न बघता रस्त्यावर येतात. उतारावर वेग तिथेच आवरा. या रस्त्याला सायकलींसाठी वेगळी पट्टी नाही. सकाळी साडेसहाला निघालात तर पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत गणपतीपुळ्यात पोचाल.

आता गिअर. अशा सायकलींना पुढे बहुधा ४२ किंवा ४४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला २८ दात असतात. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड फेरा फिरतं. उभ्या चढावर हे जड जातं, गुडघे बोलतात. मागचं फ्रीव्हील, म्हणजे चक्र्यांचा संच, १४ ते ३४ दातांचं बसवून घ्या. आधी मेकॅनिककडून दोन गोष्टी पक्क्या करा: मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतो का, आणि चेन पुरते का. जुनीच चेन ठेवली तर मोठ्या चक्रीवर ती ताणून बसते आणि डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो. ही चूक दुकानांतही सर्रास होते.

सराव सोलापूरजवळच करा, तुळजापूरच्या घाटात. एकदा चढून देवीचं दर्शन घेऊन परत येणं हा सराव नव्हे. तोच चढ तीनदा, मधे पाच मिनिटांची विश्रांती घेऊन, बसल्या जागेवरून न उठता चढा. उतरताना ब्रेक सलग दाबून ठेवू नका. वेग वाढला की दोन्ही ब्रेक घट्ट दाबून तो खाली आणायचा आणि सोडायचा, म्हणजे रिमला निवायला वेळ मिळतो.

वाळूवरून सायकल चालवायची आहे. ओहोटीला जा, असं सगळे सांगतात. पण ओहोटी कधी, हे सोलापुरात बसून कसं कळणार?
— विजापूर रोड

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कळतं. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा. येतो तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन: पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी पुन्हा साडेतीनच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत मोजणी एकपासून करायची, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. ही कोळ्यांची जुनी रीत आहे. तिच्यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून बेत आखायला ती वापरा आणि जायच्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून किंवा किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारून खात्री करा.

या हिशोबाने सकाळी सायकल चालवायची असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते आणि उधाण नुकतंच होऊन गेल्यामुळे पाणी लांबवर मागे हटलेलं असतं. संध्याकाळी चालवायची असेल तर पौर्णिमा-अमावास्येचा दिवस धरा, ओहोटी साडेपाचच्या आसपास मिळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत नाही तसं फारसं उतरतही नाही, ओली घट्ट वाळू अरुंद राहते आणि ओहोटी नेमकी भर दुपारी येते. ते दिवस रस्त्याला द्या.

ओहोटीच्या दीड तास आधी वाळूवर उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात वर या. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते हललंय असंही वाटत नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासात सर्वांत झपाट्याने येतं. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गेलेली माणसं अडकतात ती याच वेळी.

टायरमध्ये हवा कमी करावी लागते. ३८ मिलिमीटरच्या हायब्रीड टायरमध्ये रस्त्यावर ६५ पीएसआय ठेवत असाल तर वाळूसाठी ४०च्या आसपास, जाड एमटीबी टायरमध्ये २० ते २५. परत रस्त्याला लागण्याआधी हवा भरा. तशीच चालवली तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, म्हणून पंप सोबतच हवा. पाय ठेवल्यावर ठसा जेमतेम उमटतो तीच वाळू चालवण्याजोगी. कोरड्या वाळूत चाक रुततं, तिथे पायडल मारत बसू नका, उतरून ढकला. खाडीच्या मुखाशी तर जाऊच नका. तिथली वाळू वरून घट्ट दिसते, खाली गाळ असतो, आणि ओढही जोराची असते.

ओल्या वाळूतच राहण्याचं आणखी एक कारण आहे. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. घरटं वरून ओळखू येत नाही. वाळत घातलेल्या जाळ्यांवरूनही सायकल नेऊ नये.

गेल्या वर्षी किनाऱ्यावरून आल्यावर महिनाभरात चेन गंजली आणि पायडल फिरवताना करकर यायला लागली. तेल तर भरपूर घातलं होतं.
— बाळे

भरपूर घातलं, तिथेच बिघडलं असावं. तेलाचं काम रोलरच्या आत असतं. बाहेरून चोपडलेलं तेल वाळू धरून ठेवतं आणि चेन फिरते तसे दात आणि रोलर घासले जातात. त्यात मीठ धुतलं न जाता तेल घातलं की मीठ आतच राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या हवेत परत येईपर्यंतच्या दिवसांत गंज आत शिरलेला असतो.

वाळूवरून आल्यावर त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवसावर न टाकता, दोन बादल्या गोडं पाणी घ्या. मग्याने वरून ओता, साबणाच्या फेसाने आणि जुन्या ब्रशने चेन, चक्र्या, ब्रेक, स्पोकची टोकं साफ करा, पुन्हा पाणी ओता. गाड्या धुण्याच्या सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा मारू नका. तो हबच्या आणि पायडलच्या दांड्यामधल्या बेअरिंगमध्ये पाणी आणि मीठ दोन्ही ढकलतो. सीट पोस्टसकट काढून सायकल क्षणभर उलटी धरा, फ्रेमच्या नळीत शिरलेलं पाणी निघून जाईल. मग पुसून काढा. सोलापुरी टॉवेल जुना झाला की याच कामाला ठेवावा, इतकं पाणी दुसरं कापड ओढत नाही.

चेन कोरडी झाल्यावर प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल टाका. साधारण ११० कड्या असतात, दहा मिनिटांचं काम आहे. पायडल उलटं वीस फेरे फिरवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. बोटाला चेन जवळजवळ कोरडी लागली पाहिजे. मोटरसायकलचं काढलेलं काळं इंजिन ऑइल वापरू नका, त्यात धातूचा चुरा असतो. गंज सोडवणारा स्प्रे साफसफाईला ठीक, वंगण म्हणून तो टिकत नाही. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा थेंब रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, जाऊ देऊ नका, पॅड तेल पितात आणि बदलावेच लागतात.

निघण्यापूर्वी सीट पोस्टला ग्रीस लावा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर खाऱ्या ओलाव्याने दोन्ही एकमेकांना धरतात आणि पुढे तो पोस्ट कापून काढायची वेळ येते. लॉजवर सायकल समुद्राकडच्या गॅलरीत ठेवू नका, रात्रीच्या वाऱ्याबरोबर खारं तुषार येतं. आणि तुमची करकर: चेन काढून पायडल हाताने फिरवा, दुसऱ्या हाताचं बोट फ्रेमवर टेकवा. बोटाला खरखर जाणवली तर दांड्याचं बेअरिंग गेलंय, तिथे तेलाने काही होणार नाही.

आई-वडील सत्तरीचे आहेत. सायकल नाही, फक्त चालायचं आहे. रोज सकाळी कंबर तलावाला फेरी असते.
— होटगी रोड

गणपतीपुळ्याला मंदिरामागच्या टेकडीची प्रदक्षिणा करा. सुमारे एक किलोमीटरची बांधलेली वाट आहे, पहाटे निवांत असते. ऊन चढल्यावर फरशी तापते आणि अनवाणी चालणाऱ्यांचे पाय पोळतात. रत्नागिरीत मांडवीची संध्याकाळ आणि भाट्ये पुलापलीकडची सुरूच्या झाडांलगतची पुळण ही दोन्ही ठिकाणं बरी. रत्नदुर्गावर रिक्षाने वर जाऊन माथ्यावर हिंडता येतं.

पुळण समुद्राकडे उतरती असते, हे तलावाकाठच्या सपाट वाटेची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. एकाच दिशेने लांब चाललं तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर, गुडघा धरतो. अर्धा तास जा, त्याच वाटेने परत या. वाळूत पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी तिला हात किंवा पाय लावू नका. डंख झालाच तर जागा चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. गणपतीपुळ्याच्या पाण्यात पोहायला उतरणं धोक्याचं आहे, गुडघाभर पाण्यातही लाट परतताना ओढते.

सायकल न्यायची कशी?
— अशोक चौक

सोलापूरवरून जाणारा नागपूरचा महामार्गच पुढे सांगली, कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरीच्या मिऱ्याला समुद्राशी पोचतो. त्यामुळे गाडीने नेणं सोपं. रेल्वेने कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंत जायचं तर सायकल पार्सल कार्यालयात आधी नोंदवा. एसटीच्या नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नसतो, म्हणून आगारात विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडी ठोकळा किंवा प्लास्टिकचा स्पेसर बसवा, नाहीतर दाबाने फोर्क आवळतो. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. पायडल काढताना पंधरा नंबरचा पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पण या रीतीने दोन्ही सुटतात. जुनी सोलापुरी चादर गुंडाळून सुतळीने बांधा. डिक्कीत डिरेलरची बाजू वर ठेवा. कोल्हापूरपासून सायकलनेच जाणार असाल तर सुमारे १३० किलोमीटर आहेत. आंबा ते साखरपा हा उतार अवजड गाड्यांच्या सोबतीने उतरावा लागतो, त्यामुळे ब्रेकचे रबर नवे हवेत.

चव्वेचाळीस डिग्रीत राहणारे आम्ही, कोकणात तीस-बत्तीसला पायात गोळे आले. असं का?
— सात रस्ता

सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग निवतं. किनाऱ्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. शरीर थंड होत नाही, म्हणून आणखी घाम काढतं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या, पण नुसतं पाणी नको. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, त्यामुळे शहाळ्याबरोबर काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलं. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. वजनाला हलकी, पोटाला भक्कम, आणि चटणीत मीठ व तेल दोन्ही आहे. भाकरी मात्र तिथे एका दिवसात नरम पडते आणि मग बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि दिवसापुरती तेवढी बाहेर काढा. ती थांब्यावर बसून, पाण्यासोबत खायची.

रत्नागिरीहून उत्तरेला गुहागरकडे सायकलने जाता येईल का?
— सिद्धेश्वर पेठ

येईल, पण उलटं करा: गुहागरहून रत्नागिरीकडे या. थंडीत दुपारनंतर वारा बहुधा वायव्येकडून येतो, दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या आणि फेरीबोटीने जयगडला उतरा. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी तिथल्याच माणसाकडून विचारून घ्या, हवा बिघडली की फेरी बंद राहते. बोटीचा लोखंडी उतार ओला आणि शेवाळलेला असतो, त्यावर सायकल हातात धरून चढा. आत ती कठड्याला दोरीने बांधा. जयगडला उतरताच चढ लागतो आणि बंदराकडच्या ट्रकची वर्दळ असते, म्हणून दुपार टाळून सकाळची बोट पकडा. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.