हॉट शॉट ट्रकिंगसाठी कोणता गूजनेक ट्रेलर घ्यावा? (अमेरिका, एक टनी ड्युअली पिकअप)

हॉट शॉट म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडून तातडीचा माल पोचवण्याचा धंदा. गूजनेक म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीला अडकवायचा ट्रेलर, आणि ड्युअली म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला पिकअप. आधी लायसन्सचं ठरवा, ट्रेलर नंतर. ट्रक आणि ट्रेलरची प्लेटवरची कमाल वजनं मिळून 26,001 पौंड किंवा जास्त झाली आणि त्यात ट्रेलर 10,000 पौंडांच्या वरचा असेल, तर सीडीएल (व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन्स) लागतं. ट्रेलर रिकामा असला तरी प्लेटवरचा आकडा धरतात. तुमच्या ड्युअलीचं प्लेटवरचं वजन 14,000 पौंड असेल, तर सीडीएलशिवाय ट्रेलरला 12,000 च उरतात. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन गेलं की मालाला फारच थोडं उरतं. म्हणून माझं स्पष्ट मत: सीडीएल काढा आणि 40 फुटी, दोन 10,000 पौंडी ड्युअल ॲक्सलचा (प्रत्येक बाजूला जोडचाकं असलेल्या ॲक्सलचा) फ्लॅटबेड, म्हणजे सपाट उघडा ट्रेलर घ्या. यंत्रं चढवायची असतील तर डव्हटेल (मागे उतरता केलेला भाग) आणि रॅम्प हवेतच.

आता ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचा. गूजनेकच्या एकूण वजनाचा साधारण 20 ते 25 टक्के भार थेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलवर येतो. म्हणजे 20,000 पौंडांच्या ट्रेलरचे 4 ते 5 हजार! तेवढं पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) स्टिकरवर नसेल तर इंजिन कितीही ताकदीचं असो, तो ट्रेलर घेऊ नका. जुना ट्रेलर घेताना वाकून जोडचाकांमधल्या आतल्या चाकांचे टायर नक्की बघा, बाहेरचे सगळेच चकचकीत करून ठेवतात.