उलटलेल्या कयाकवर परत चढणे आधी शिका

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दादरला राहते. वय ४१. गेल्या हिवाळ्यात काही मंडळींना समुद्रात कयाक चालवताना पाहिले आणि आपणही शिकावे, असे मनापासून वाटू लागले. पोहणे मात्र मला तरणतलावाची एखादी फेरी मारण्यापुरतेच येते. एवढ्यावर सुरुवात करावी का? पहिल्या दिवशी नेमके काय शिकावे?

उत्तर : अवश्य सुरुवात करावी. पाण्याची भीती नसणे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात शांतपणे तरंगता येणे, एवढे पहिल्या धड्यासाठी पुरेसे आहे. पोहण्याचा सराव त्याच्या जोडीने वाढवत न्यावा. जॅकेट आपल्या वजनाला साजेसे असावे आणि त्याचे सगळे पट्टे आवळलेले असावेत. दोन्ही खांद्यांशी धरून कोणी ते वर ओढले असता ते कानांपर्यंत सरकत असेल, तर ते आपल्यासाठी मोठे आहे. पाण्यात ते वर चढून चेहऱ्यावर येईल.

पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी वल्हे हातात देऊन लगेच पुढे जायला सांगतात. माझे मत याच्या उलट आहे. किनाऱ्याजवळ, छातीइतक्या पाण्यात, प्रशिक्षक शेजारी उभा असताना आधी कयाक मुद्दाम उलटवावी आणि पुन्हा तिच्यावर चढण्याचा सराव करावा. ज्याला हे जमते त्याच्या मनातील धास्ती जाते, अंग सैल होते आणि मग वल्हवणेही लवकर साधते. ज्याला जमत नाही, तो कयाकच्या कडा घट्ट धरून ताठ बसतो आणि त्या ताठरपणामुळेच तिचा तोल जातो.

नवशिक्यांनी वरच्या बाजूने मोकळी असलेली, जिच्यावर आपण बसतो अशी कयाक निवडावी. बंदिस्त कयाकमध्ये पाय आत असतात, त्यामुळे ती उलटल्यावर बाहेर पडण्याचे वेगळे तंत्र शिकावे लागते. मोकळी कयाक उलटली की आपण आपोआप तिच्यापासून सुटतो. तेव्हा पहिले काम म्हणजे कयाक आणि वल्हे दोन्ही हातची जाऊ न देणे, कारण हलक्या वाऱ्यातही रिकामी कयाक माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने दूर जाते. मग तळावरून हात लांबवून पलीकडची कड धरावी आणि अंगाचा भार मागे टाकून ती सुलटी करावी. त्यानंतर मधोमध धरून पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी मारत राहावे आणि छाती वर ओढून पोटावर आडवे व्हावे. तिथून वळून आधी बैठक टेकवावी आणि पाय सर्वांत शेवटी आत घ्यावेत. घाईने एकदम बसायला जाणारा पुन्हा पाण्यात पडतो. दमलेल्या अवस्थेतही हे करता येईपर्यंत सराव चालू ठेवावा.

वल्हवण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर जोर दंडांतून नव्हे, कमरेच्या वरच्या धडाच्या वळण्यातून येतो. पाते पावलांजवळ पाण्यात जावे, कमरेपाशी बाहेर यावे आणि त्याची खोलगट बाजू आपल्याकडे असावी. दुसऱ्या दिवशी फक्त खांदे आणि दंड दुखत असतील, तर धड वळत नव्हते असे समजावे.

प्रश्न : मुंबईत शिकायचे तर कुठे आणि कधी? घराजवळ पवई तलाव आहे, तिथे चालेल का?

उत्तर : पवई तलावात मगरी आहेत, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. विहार आणि तुळशी हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव असल्याने त्यांचाही प्रश्न येत नाही. पहिले धडे पवना धरणासारख्या स्थिर पाण्यात घेणे सोयीचे पडते, मात्र तिथेही लाइफ जॅकेटविना कोणी पाण्यात उतरवत असेल तर परत फिरावे. कोलाडला कुंडलिकेचे पाणी वीजनिर्मितीनंतर सोडले जाते आणि ते वाहते असते. ती दुसरी पायरी आहे.

समुद्र किंवा खाडी निवडलीत, तर आपल्या पंचांगाचा फार उपयोग होतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतील फरक चार मीटरांच्याही पुढे जाऊ शकतो, आणि तेवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करत असल्याने खाडीत ओढ जबरदस्त होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते व ओढ सर्वांत कमी असते. म्हणून अष्टमी ते दशमीची सकाळ मला नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य वाटते. भरती सहा ते साडेसातच्या दरम्यान पूर्ण होते, पाणी जवळजवळ थांबलेले असते आणि दुपारचे खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. निघण्यापूर्वी भरतीच्या छापील वेळांशी हा हिशेब जरूर पडताळून पाहावा.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. हिवाळ्यातील सकाळी समुद्र आरशासारखा दिसतो, पण त्या वेळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात. जाताना ते पाठीशी असल्याने जोर लागत नाही आणि किनारा किती मागे पडला हे ध्यानात येत नाही. परतताना तोच वारा समोरून येतो, तेही हात दमलेले असताना. म्हणून सुरुवात नेहमी वाऱ्याच्या आणि ओढीच्या विरुद्ध दिशेने करावी, किनाऱ्याला समांतर राहावे आणि एकटे कधीही जाऊ नये.

खाडीत कोळी बांधवांची डोल जाळी खांबांना बांधलेली असतात. ओढ कयाकला त्या खांबांवर नेऊन दाबू शकते, शिवाय जाळ्याचे नुकसान झाले तर कोणाच्या तरी पोटावर पाय येतो. निघण्यापूर्वी जाळी कुठे लागली आहेत हे कोळीवाड्यात विचारावे. ती माहिती त्यांच्याइतकी नेमकी कोणाकडेही नसते. ओहोटी लागल्यावर खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि त्यात उतरून कयाक ओढणे अशक्यप्राय होते, हेही परतीची वेळ ठरवताना लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात समुद्रात जाण्याचा विषयच नको. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या समुद्रात जाऊ लागतात, तरी नवशिक्यांनी ऑक्टोबरपर्यंत थांबावे.

प्रश्न : आमच्या इमारतीत ठेवायला जागा नाही. हवा भरून फुगवायची कयाक घेऊ का?

उत्तर : सध्या काहीच घेऊ नये. फुगवायची कयाक पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला सहज ढकलतो, त्यामुळे ती स्थिर तलावात ठीक, मोकळ्या समुद्रात नाही. निदान एक हिवाळा भाड्याच्या कयाकवर शिका. खर्च करायचाच असेल तर अंगाला बरोबर बसणारे लाइफ जॅकेट, त्याला बांधलेली शिट्टी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा घ्यावा. पिण्याचे पाणी मात्र वाटते त्याहून अधिक न्यावे, कारण आपल्याकडे थंडीपेक्षा ऊनच माणसाला लवकर थकवते.