शंका आणि उत्तरं : झ्विंग्ली, सॉसेज आणि झ्युरिकची नगरसभा

प्रश्न : आम्ही कॅथलिक. उपवासकाळात मांस वर्ज्य करतो. परवा मुलाने कुठेसं वाचून सांगितलं, की स्वित्झर्लंडमधली प्रोटेस्टंट चळवळ सॉसेज खाण्यावरून पेटली. हे खरं, की आपलं उगाच? आणि झ्विंग्लीने ते खाल्लं होतं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : मुलाने बरोबर वाचलं आहे. झ्विंग्लीने, म्हणजे झ्युरिकचा धर्मोपदेशक आणि या चळवळीचा पुढारी, त्याने मात्र खाल्लं नाही. तो तिथे हजर होता, तुकडे फिरले तेव्हा त्याने घेतला नाही, एवढंच.

1522 चा मार्च. झ्युरिकमधला छापखानावाला क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी, ऐन उपवासकाळात, दोन धुरावलेली सॉसेज कापून दहा-बारा जणांत वाटली गेली. एकेकाच्या वाट्याला काय आलं असेल? म्हापशाच्या बाजारातल्या चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळेतला एक मणी तरी आला असेल की नाही, शंकाच आहे. पण गावभर बोभाटा झाला. फ्रोशाउअरची जबानी मला फार आवडते. त्याने आधी धर्मशास्त्र काढलंच नाही, पोटापाण्याची गोष्ट काढली. फ्रँकफर्टचा पुस्तकबाजार तोंडावर आलाय, बायबलमधल्या पौलाच्या पत्रांचं काम उरकायचंय, माणसं रात्रंदिवस राबतायत. रोज मासळी परवडत नाही आणि नुसत्या पेजेवर काम निघत नाही. छापखान्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे पटेल.

धर्मशास्त्र झ्विंग्लीने पुरवलं. त्याने त्याच महिन्यात या विषयावर उपदेश केला आणि एप्रिलमध्ये त्याची पुस्तिका निघाली. छापली अर्थातच फ्रोशाउअरने. मुद्दा असा : उपास करायचा तर खुशाल करा, पण शास्त्राने जो नियम घातला नाही तो न पाळणं हे पाप ठरवू नका. म्हणजे तुमच्या उपवासाला त्याचा विरोध नव्हता, सक्तीला होता.

यात माझ्या मते सॉसेजपेक्षा एक गोष्ट मोठी आहे. ती जबानी फ्रोशाउअरने दिली कुठे? बिशपसमोर नाही, नगरसभेसमोर. चर्चच्या कारभाराच्या हिशेबाने झ्युरिक हे कॉन्स्टन्सच्या बिशपच्या ताब्यात. तिथून माणसं आली, समज देऊन गेली. पण चौकशी केली ती व्यापारी आणि कारागीर संघांच्या प्रतिनिधींनी भरलेल्या सभेने. पुढे 29 जानेवारी 1523 रोजी त्याच सभेने वादसभा बोलावली. सुमारे 600 माणसं जमली. झ्विंग्लीने 67 कलमं मांडली, भाषा सगळ्यांना कळणारी जर्मन, लॅटिन नाही. बिशपचा प्रतिनिधी फाबरी म्हणत राहिला, की असले प्रश्न चर्चच्या महासभेने सोडवायचे असतात, ही जागा त्यासाठी नाही. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. पण निकाल नगरसभेने दिला आणि तो झ्विंग्लीच्या बाजूने लागला. तिथून पुढचं प्रत्येक पाऊल असंच पडलं. 1524 मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं हलवली ती सभेच्या हुकमाने, सुतार-गवंडी बरोबर घेऊन, दारं लावून. मग भिंतींना चुना. 1525 च्या ईस्टरच्या आठवड्यात मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बंद झाली, तीही सभेच्या ठरावाने.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बसल्या जागी आणून देतात. मावशीच्या चर्चमध्ये वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतात. ही आमची रीत कुठून आली?
– एक वाचक, अहमदनगर

उत्तर : 1525 च्या त्या ईस्टरला झ्युरिकमध्ये हेच झालं. वेदीच्या जागी साधं टेबल, सोन्याचांदीच्या ऐवजी लाकडी ताटल्या आणि लाकडी पेले, आणि सेवकांनी भाकर लोकांपर्यंत नेली. वर्षातून फक्त चार वेळा. झ्विंग्लीच्या दृष्टीने हे ख्रिस्ताच्या मरणाचं स्मरण, आणि मंडळीने मिळून केलेली कबुली. जर्मनीतला सुधारक ल्यूथर याला हे साफ नामंजूर होतं; भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, असं तो मानी. 1529 च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गला दोघं समोरासमोर बसले, तेव्हा 15 पैकी 14 कलमांवर एकमत झालं आणि या एकावर फाटलं. ल्यूथरने वाद सुरू होण्याआधीच ‘हे माझे शरीर आहे’ हे वचन टेबलावर खडूने लिहून ठेवलं होतं! असं लिहून ठेवलेल्या माणसाशी काय वाद घालणार.

मुंबईत 1813 मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी, ज्यांच्या मिशनने पुढे तुमच्या नगरला काम उभं केलं, ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा, या परंपरेतले. ती झ्विंग्ली आणि जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन यांच्या घराण्यातलीच. संगीताबाबत मात्र नगरने झ्विंग्लीचं ऐकलं नाही, हे बरं झालं. स्वतः अनेक वाद्यं वाजवणाऱ्या या माणसाने उपासनेतून गाणं काढून टाकलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्याच्या चर्चमध्ये चालली नसती.

प्रश्न : झ्युरिकला झ्विंग्लीचा पुतळा पाहिला. हातात बायबल आणि तलवारही! धर्मोपदेशकाच्या हाती तलवार कशी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वासरकिर्ख या चर्चपाशी 1885 मध्ये उभारलेला तो पुतळा. विद्यार्थ्यांना मी चर्चचा इतिहास शिकवायचो तेव्हा हा प्रश्न हमखास यायचा, आणि मी त्यांना आधी ग्लारुसला न्यायचो.

झ्विंग्ली 1506 पासून दहा वर्षं तिथे धर्मगुरू होता. स्विस डोंगराळ भागात शेती अपुरी, तेव्हा तरुण पोरं परक्या राजांसाठी पगारी लढायला जात आणि गावचे पुढारी त्यावर पेन्शन खात. झ्विंग्लीही पोपकडून वर्षाला 50 गुल्डन घेई; 1520 मध्ये त्याने ते सोडलं. तो सैन्याबरोबर इटलीत गेला, 1515 मध्ये मारिन्यानोला स्विस पोरांची कत्तल झाली, आणि त्यानंतर या धंद्यावर तो तुटून पडला. झ्युरिकने भाडोत्री सैनिकी बंद केली त्यामागे त्याचा मोठा हात आहे. म्हणजे त्याला लढाई काय असते हे माहीत नव्हतं असं नाही.

तरी तलवार आली, ती नगरसभेच्या मागून आली. सभेने ठरवलं तोच धर्म, असं एकदा मान्य केलं की सभेचे शिपाईही धर्माचे होतात. पहिला फटका बसला तो त्याच्याच शिष्यांना. फेलिक्स मान्झ आणि त्याचे साथी म्हणू लागले, की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा शास्त्रात नाही आणि सरकारने चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये. शास्त्राबाहेरचं काही नको, हे त्यांनी झ्विंग्लीकडूनच तर शिकलं होतं. 5 जानेवारी 1527 रोजी मान्झचे हात बांधून त्याला लिम्मात नदीत बुडवलं. झ्विंग्ली सभेच्या बाजूने उभा राहिला. मी त्याचा चाहता आहे, पण इथे त्याची वकिली करणार नाही.

मग कॅथलिक प्रांतांशी तंटा. 1529 मध्ये काप्पेलला फौजा समोरासमोर आल्या आणि न लढता परतल्या. 1531 मध्ये झ्युरिक आणि बर्नने त्या पाच प्रांतांचं धान्य आणि मीठ अडवलं. उपाशी माणूस किती थांबेल? 11 ऑक्टोबरला काप्पेललाच लढाई झाली. झ्युरिकची सुमारे 500 माणसं पडली, त्यांत बरेच पाळक, आणि 47 वर्षांचा झ्विंग्ली. शत्रूने प्रेताचे तुकडे करून जाळले. त्याची बायको आना राइनहार्ट हिने त्या एका दिवसात नवरा, पहिल्या लग्नाचा मुलगा गेरोल्ड, भाऊ आणि जावई गमावला. पुतळ्यात ती कुठेच नाही.

त्याच्या जागी आला 27 वर्षांचा हाइनरिख बुलिंगर. आनाला आणि मुलांना त्याने आधार दिला. पराभवाने पोळलेल्या नगरसभेने त्याला अट घातली, की पाळकांनी राजकारणात पडू नये. त्याने थोडा वेळ मागितला, आणि उत्तर दिलं : ठीक, पण वचन सांगताना मला कोणी आडवं येणार नाही, हे तुम्हीही कबूल करा. सभेने कबूल केलं, आणि तो 1575 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या जागेवर टिकला.