स्लजच्या (सांडपाण्याचा गाळ जाळायच्या) भट्टीवर नवीन आहेस? आधी एवढंच कर
अरे घाबरू नकोस, इथे अमेरिकेत ईपीएचा (सरकारी पर्यावरण संस्थेचा) या भट्ट्यांसाठीचा २०११ चा नियम पहिल्यांदा वाचला की सगळ्यांचंच डोकं गरगरतं. नऊ प्रदूषकं, त्यांच्या मर्यादा, ते सध्या राहू दे.

- स्टॅक टेस्ट (धुरांड्यातल्या धुराची तपासणी): आधीच्या टेस्टनंतर ११ ते १३ महिन्यांत. सवलती आहेत, पण त्या नंतर.
- डेव्हिएशन रिपोर्ट (मर्यादा किंवा नियम चुकला तर द्यायचा अहवाल): जानेवारी ते जूनचा १ ऑगस्टपर्यंत, उरलेल्या सहामाहीचा १ फेब्रुवारीपर्यंत.
- रेकॉर्ड ५ वर्षं जपायचं.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे स्क्रबरचा (धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्राचा) पीएच प्रोब, म्हणजे आम्लता मोजायची कांडी, कॅलिब्रेशनला काढतात आणि वेळच लिहीत नाहीत, मग सहा महिन्यांनी ग्राफमधला खड्डा बघत डोकं खाजवायचं, माझा अख्खा शनिवार गेलाय त्यात. दोन ओळी तिथल्या तिथे खरड, हात तेलकट असले तरी. टायटल फाइव्हचं (हवा प्रदूषणाच्या परवान्याचं) नंतर बोलू.